ओतूरचे वर्तमान : जुन्नर तालुक्यातील लोकचळवळ आणि बातमीची भाषा

ओतूर, तालुका जुन्नर, येथून 20 एप्रिल 1877 रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीराव फुले यांना एक पत्र लिहिले. सावित्रीबाईंची जी तीन पत्रे उपलब्ध आहेत, त्यांतील हे शेवटचे. चरित्रकारांनी त्यात पतिपत्नींच्या सहकार्याचा पुरावा पाहिला आणि दुष्काळाच्या अभ्यासकांनी 1876-77 च्या अवर्षणाचा. दोन्ही वाचने योग्यच आहेत. परंतु हे पत्र म्हणजे एका खेड्याने आपल्याविषयी बाहेर धाडलेली बातमीही आहे, आणि त्या अंगाने पाहिल्यास जुन्नर भागातील पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या चळवळीचा एक दुर्लक्षित धागा हाती येतो.

पत्रातील मजकूर थोडक्यात असा. पाऊस नाही, जनावरे मरत आहेत, वैरण नाही, माणसे गाव सोडून चालली आहेत. जी उरली ती पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढीत आहेत. सत्यशोधक मंडळींनी गावोगाव मदतीची व्यवस्था केली आहे. सावकारांचा जाच वाढला व त्यातून दंगे उद्भवले, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी पन्नास सत्यशोधकांना धरले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतले. त्यांनी निरपराध माणसांना सोडण्याविषयी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. कलेक्टरची खात्री पटली, माणसे सुटली आणि चार गाड्या ज्वारी आली.

या मजकुराची मांडणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. स्थळ, स्थिती, कारण, घटना, अधिकाऱ्याची कृती, परिणाम आणि शेवटी धान्याचे परिमाण, हा क्रम वार्तापत्राचा आहे. पती पुण्यास, पत्नी ओतुरास. पण खाजगी जिव्हाळ्यापेक्षा गावाची हकीकत पत्रात अधिक जागा व्यापते. पुण्याच्या मंडळींना पुढचे पाऊल उचलण्यासाठी जे कळणे अवश्य होते तेच तेथे लिहिले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात धनकवडी येथील बालाश्रमासाठी जोतीरावांनी मदतीचे आवाहन केले. ओतूर आणि धनकवडी यांच्यामधील दुवा अशा हकिकतींचाच होता.

हे लेखन असामान्य का ठरते, हे कळण्यासाठी त्या काळच्या गावात लेखणी कोणाच्या हाती होती हे ध्यानात घ्यावयास हवे. जमीन, सारा आणि वहिवाट यांचा लेख कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. तिथी, मुहूर्त आणि कुंडली जोश्याच्या पंचांगात. देण्याघेण्याचा हिशेब सावकाराच्या वहीत. गावातील बहुसंख्य माणसे या तिन्ही लेखांत नावानिशी येत, पण तिन्हींचे कर्ते निराळेच. सर्वांसाठी असलेली खबर चावडीवर अथवा दवंडीने, म्हणजे तोंडीच दिली जाई. दवंडी वरून खाली येते. तिला उलट उत्तर नसते. म्हणून ओतुराहून वर गेलेले वर्तमान हा बातमीच्या दिशेतील बदल होय.

याच मुलखात पूर्वी वेगळी परिस्थिती होती, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे दानलेखांत कोरलेली आहेत. ज्या डोंगरांत वसकार आणि कासाकार यांचे व्यवहार दगडावर चढले, त्यांच्याच पायथ्याशी अनेक शतकांनंतर कुणब्याचा व्यवहार केवळ दुसऱ्याच्या वहीत उरला होता. लिपीचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो, हा समज सोडून द्यावा हे बरे.

ज्या वर्षी हे पत्र लिहिले गेले त्याच वर्षी, 1877 मध्ये, कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले. 1880 मध्ये ते मुंबईस गेले व नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले. शेतकरी आणि कामकरी यांची गाऱ्हाणी छापणारे हे पत्र होते. मात्र त्यासही मर्यादा होत्या. 'शेतकऱ्याचा असूड'चा आरंभीचा भाग छापून पुढील भाग त्याने थांबविला, याचे शल्य जोतीरावांना होते. आपल्या माणसांचे वर्तमानपत्र असले म्हणजे आपले सगळे वर्तमान छापले जातेच असे नाही, हा अनुभव चळवळीला फार लवकर आला.

1885 च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकार-जमीनदारांची शेते न कसण्याचा निश्चय केला व तो बराच काळ पाळला. त्याच दशकातील ओतूरचा एक खटला भाषेच्या अभ्यासकास याहूनही महत्त्वाचा वाटावा. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह झाले. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह पुण्यात डिसेंबर 1873 मध्ये झाला होता. पण पुण्यासारख्या शहरातील विवाह आणि वतनदार जोशी नांदत असलेल्या गावातील विवाह यांत मोठे अंतर आहे. ओतूरच्या जोश्यांनी आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली. यजमानाने दुसरा ब्राह्मण बोलाविला तरी ग्रामजोश्यास त्याचे मोल मिळाले पाहिजे, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने त्यापूर्वी 1870 च्या दशकाच्या अखेरीस मान्य केलेली होती. ओतूरचा पेच निराळा होता. येथे दुसरा कोणी बोलाविलेलाच नव्हता. जागा रिकामीच ठेवली होती.

या वादाचे मर्म शब्दांत आहे. दक्षिणा हा दानाचा शब्द. देणाऱ्याच्या इच्छेचा अंश त्याच्या अर्थातच अंतर्भूत आहे. हक्क हा येणे असण्याचा शब्द. त्यात देणाऱ्याची इच्छा विचारात येत नाही. वतनाच्या व्यवहारात हे दोन शब्द पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या शेजारी बसले होते आणि कोणालाही त्यांतील विसंगती खुपत नव्हती. बाळाजी पाटलांनी विधीच बदलला, तेव्हा दोन्ही शब्द प्रथमच एकमेकांसमोर उभे राहिले. न्यायालयात जाण्यासाठी जोश्यांना दक्षिणेला हक्क म्हणावे लागले, आणि एकदा तसे म्हटल्यावर केलेल्या कामाचा प्रश्न विचारला जाणे अटळ झाले. 'वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील' हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. भारतीय विधी-अहवालांच्या मुंबई मालिकेतील चौदाव्या, म्हणजे 1890 च्या, खंडात तो छापलेला आहे. अशा रीतीने एका गावातील मांडवाची हकीकत इलाख्याचा दाखला झाली.

ही हकीकत दाखला झाली ती मात्र इंग्रजीत, आणि येथे अभ्यासकाची खरी अडचण सुरू होते. मुंबई सरकारचे भाषांतर खाते देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक गोषवारा तयार करीत असे, आणि 'दीनबंधु'तील त्या काळच्या मजकुराचा शोध घेताना पुष्कळदा या गोषवाऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते. गोषवारा सरकारी अधिकाऱ्यासाठी होता. त्यास मतलब हवा असे, बोली नको. खंड, बलुते, वहिवाट, कूळ हे शब्द त्या चाळणीतून जाताना एकाच साच्याचे होऊन निघतात. तक्रार शिल्लक राहते. ती कोणत्या शब्दांत केली गेली हे राहत नाही. जुन्नरचा कुणबी आणि इलाख्यातील दुसऱ्या टोकाचा शेतकरी एकाच सुरात बोलतात असे जे काही इतिहासग्रंथांतून वाटते, त्याला हा अनुवादकही बराच जबाबदार आहे.

ओतूरचे पत्र या चाळणीतून गेले नाही, पण त्यालाही मोठ्या वाचकवर्गापुढे येण्यास फार काळ लागला. मा. गो. माळी यांनी संपादिलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. लिहिल्यापासून एकशे अकरा वर्षांनी.

दरम्यान बातमीची वाट बदलली होती. 1910 मध्ये भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे पत्र अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून सुरू केले, आणि पुढे ते तरवडी या खेड्यातून चालविले. पित्याने खेड्याचे वर्तमान पुण्यात आणून छापले. पुत्राने छापखानाच खेड्यात नेला, आणि तेथे खिळे जुळविणाऱ्याला खंड, बलुते, कूळ हे शब्द कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.