रोजची फियाट

"अजून तीच फियाट?" लग्नाकार्यात भेटणारे सगळे काका-मामा मला हे विचारतात. त्यांतले निम्मे इथे वाचायला येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. हो, तीच. प्रीमियर पद्मिनी. कोथरूड ते भोसरी एमआयडीसी, जाऊन-येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर. हौशी लोकांच्या जुन्या गाड्या रविवारी सकाळी नटूनथटून बाहेर पडतात. माझी सोमवारी सकाळी नाशिक फाट्याच्या गर्दीत असते.

रोज चालवली की गाडी झिजते आणि झिजली की सुटे भाग लागतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचे भाग मिळतात तरी कसे? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि इतिहासात जाऊन पोचलो.

आपल्याकडे मोटारी 'बनायला' लागल्या त्याच्या आधी बरीच वर्षं त्या नुसत्या 'जोडल्या' जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. पण इंजिन, गिअरबॉक्स सगळं बोटीने पेट्यांतून यायचं, इथे फक्त जुळवणी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली तेव्हा स्वप्न होतं देशी मोटारीचं. तरी कुर्ल्याच्या कारखान्याची सुरुवातही क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासूनच झाली.

खरं वळण आलं १९५३ मध्ये. ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, असं धोरण सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून घेतलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली, फियाटशी नातं जोडून.

राहिली खरी, पण आता भाग बनवायचे होते. आणि मंडळी, ते सोपं नसतं हो! सिलिंडर ब्लॉकचंच घ्या. हे ओतकाम. आतून पाणी खेळायच्या वाटा ठेवायच्या म्हणून साच्यात वाळूचे कोअर बसवतात. ओतताना कोअर जरासा सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते. बाहेरून काही दिसत नाही. पुढे मशीनवर बोअर करताना समजतं, आणि तोवर केलेली सगळी मेहनत भंगारात. क्रँकशाफ्टची तऱ्हा वेगळी. पोलादाची सळई बाराशे अंशांच्या आसपास तापवून डायमध्ये ठोकतात. धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, म्हणून तो पिळाला टिकतो. त्यानंतर लेथ, मग ग्राइंडिंग, आणि मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

ही विद्या एका कारखान्यात मावणारी नव्हतीच. पुण्यात १९६१ मध्ये भारत फोर्ज स्थापन झाली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पिंपरीत कारखाना उभारताना टूल-डाय आणि माणसं शिकवण्यावर भर दिला. तिकडे कोल्हापुरात उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता मिस्त्री लोक स्वतःच ओतकाम करायला लागले होते. उद्यमनगरच्या फाउंड्र्या त्यातूनच वाढल्या.

आमची गाडी मात्र बदलली नाही. १९६४ ला 'डिलाइट', मध्ये काही काळ 'प्रेसिडेंट', १९७४ पासून 'पद्मिनी'. नावं बदलली, इंजिन तेच १०८९ सीसी. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये संपलं, इथे २००० सालच्या सुमारापर्यंत चाललं. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचं, कारण दुसरा पर्याय काय, तर अॅम्बेसेडर! लायसन्स राजची लाजिरवाणी गोष्ट म्हणून हे सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा फरक पहिल्याच दिवशी दिसला. तिच्या कितीतरी भागांसाठी जपानी तंत्रज्ञान आणावं लागलं.

पण त्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती मला रोज चालवताना समजली. पस्तीस वर्षं तोच ब्रेक ड्रम, तोच वॉटर पंप. गल्लीतल्या टर्नरला मापं तोंडपाठ झाली. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी मागणी जिवंत ठेवली. कंपनी गेली तरी भाग मिळत राहिले, ते या लोकांमुळे.

हे आता संपत आलंय. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही उरली नाही. टॅक्सी गेल्या तशी मागणीही गेली. माझे ब्रेक ड्रम कांतून कांतून मर्यादेला आलेत. आणखी कांतले तर पातळ होतील, लवकर तापतील. आमचे सत्तरीचे टर्नर म्हणाले, "साहेब, कांतायला मी आहे. पण एका ड्रमसाठी पॅटर्न कोण बनवणार?" त्यांचं खरं आहे. पॅटर्नचा खर्च वीस-पंचवीस नगांवर वाटला तरच परवडतो.

म्हणून आम्ही चार-पाच फियाटवाले मिळून एकत्र ऑर्डर द्यायच्या खटपटीत आहोत. आणि म्हणूनच मी गाडी रोज चालवतो. कापड घालून उभी केलेली गाडी झिजत नाही, तिला ड्रम लागत नाही आणि मग तो बनवणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. एअरबॅग नाहीत, उन्हाळ्यात घाम निघतो, सगळं मान्य. पण या गाड्या रस्त्यावर आहेत तोवरच ते पॅटर्न आणि ती मापं कुणाच्या तरी कामाची.

असो. कुणाच्या गावच्या घरी पडवीत फियाटचा जुना ड्रम पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. चिरलेला असला तरी चालेल, माप घ्यायला उपयोगी पडतो. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. अर्थात फियाटनेच!