चरित्रपटांची थट्टा

गवयाचा चरित्रपट पाहावयास बसलो की पुढे काय व्हावयाचे आहे हे आपणास बहुधा आधीच ठाऊक असते. लहानपणी जिव्हारी घाव, त्यातून गाणे, मग कीर्ती, मग व्यसन, मग संसाराची धूळधाण आणि शेवटी एका मोठ्या मैफलीत सर्व पापांचे क्षालन! अमेरिकेत हा साचा फार जुना आहे. १९४५ साली शोपँवर, १९४६ साली कोल पोर्टर व अल जोल्सन यांच्यावर बोलपट निघाले. आपल्याकडील 'बैजू बावरा'त (१९५२) तर गाण्याने संगमरवर वितळला, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी तो डोळे पुसत पाहिला.

साचा रुळला की त्याची टवाळी करणाराही जन्मास येतोच. १९७८ साली एरिक आयडल व नील इनेस यांनी 'रटल्स' नावाची खोटी मंडळी उभी करून बीटल्सची यथेच्छ थट्टा केली. मौज अशी की, खुद्द जॉर्ज हॅरिसनने त्यात एक छोटी भूमिका केली! परंतु आम्हांस येथे विशेष बोलावयाचे आहे ते २००७ सालच्या 'वॉक हार्ड' या चित्रपटाविषयी. दिग्दर्शक जेक कॅझडन. नायक ड्यूई कॉक्स हा सर्वस्वी काल्पनिक गायक.

त्याच्या आधी 'रे' (२००४) आणि 'वॉक द लाइन' (२००५) हे दोन गंभीर चरित्रपट गाजले होते. रे चार्ल्सचा धाकटा भाऊ लहानपणीच धुण्याच्या टबात बुडून गेला. जॉनी कॅशचा थोरला भाऊ १९४४ साली करवतीच्या अपघातात गेला. दोन्ही दुःखे खरी. 'वॉक हार्ड'मध्ये छोटा ड्यूई खेळता खेळता कोयत्याने आपल्या भावाचे सरळ दोन तुकडे करतो. रे चार्ल्सची दृष्टी गेली होती; या पोराची वास घेण्याची शक्ती जाते. आणि बाप पुढे आयुष्यभर, भेटेल तेव्हा, मरायला नको तो मेला, हेच ऐकवीत राहतो.

मेलेल्या पोरांवर हसावे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. आम्हीही हसलो आणि मग थोडे ओशाळलो. पण विचार करता असे दिसते की, हे हसू त्या दुःखावर नाही. दुःखाचा जो व्यापारी हिशेब चरित्रपट मांडतो, त्यावर आहे. इतका शोक दिला, इतके गाणे आले! त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांच्या घरी भाऊ गमावलेली मुले थोडी का होती? ती सगळी रे चार्ल्स झाली नाहीत. रे चार्ल्स सेंट ऑगस्टीन येथील अंध व बधिर मुलांच्या शाळेत ब्रेल लिपीतून संगीत वाचावयास शिकला. असला रियाज पडद्यावर दाखवावा तर प्रेक्षक पेंगतो. ड्यूई मात्र गिटार हाती घेताच वाजवू लागतो, आणि बेचाळीस वर्षांचा जॉन रायली चौदा वर्षांचा पोर म्हणून शाळेच्या रंगमंचावर निर्धास्त उभा राहतो. खोटेपणा इतका उघडा मांडला की प्रेक्षकास इतिहासाची आठवण होते.

यातील गाणी मात्र थट्टेवारी नेलेली नाहीत. ती नीट बांधलेली आहेत, रायलीने ती स्वतः गायिली आहेत. ज्याला ते संगीत प्रिय नाही, त्याच्या हातून असे विडंबन व्हावयाचे नाही.

चित्रपट गल्ल्यावर पडला, आणि साचा जिथल्या तिथे राहिला. 'बोहीमियन ऱ्हॅप्सडी'त (२०१८) फ्रेडी मर्क्युरी आपल्या दुर्धर आजाराची बातमी १९८५ च्या 'लाइव्ह एड' मैफलीपूर्वीच सोबत्यांना सांगतो. वस्तुतः त्या आजाराचे निदान १९८७ च्या सुमाराचे मानले जाते. शेवटच्या मैफलीला भार यावा म्हणून माणसाचे मरणदेखील दोन वर्षे अलीकडे ओढले. त्या पटास चार ऑस्कर मिळाले.

मग २०२२ साली 'विअर्ड' आला. गाण्यांची विडंबने करूनच नाव मिळविलेल्या अल यांकोविकचे हे चरित्र. सहलेखक तो स्वतःच. गृहस्थ निर्व्यसनी, सरळमार्गी. अशा माणसाचे साच्याला काय करावयाचे? म्हणून त्याने स्वतःला दारूडा केले, मॅडोनाशी प्रकरण जोडले, आणि शेवटी १९८५ सालीच एका पारितोषिक-समारंभात स्वतःचा गोळी लागून मृत्यू दाखविला.