प्लेगची सुई आणि खोटा आळ

वाचकहो, पिंपरीतील हाफकीन महामंडळाच्या विभागावरून आपल्यापैकी कितीतरी मंडळी रोज कामावर जाता-येता जात असतील. घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध तयार करण्याचे काम तेथे होत आले आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते वाल्डेमार हाफकीन मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात. इ. स. १८६० मध्ये ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. या देशात त्यांच्यावर दोनदा खोटा आळ आला. पहिला बाजारातून, दुसरा सरकारी कचेरीतून. दोन्ही वेळा त्यांनी काय केले, हे आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखे आहे. अफवा आपल्यात पसरतात आणि आपल्याविषयीही पसरतात, म्हणून तर अधिकच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. सरकारने रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात नेण्यास आरंभ केला. नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. तो रोगाने मरत होता. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या आप्तांना डॉक्टरच मारतो असे वाटले. माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई काढतात, असे लोक बोलू लागले. त्याच ऑक्टोबरात राणी व्हिक्टोरियाच्या मुंबईतील पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. लगेच नवी आवई उठली की, राणीचा कोप शांत व्हावा म्हणून इस्पितळातील रोग्यांची काळजे काढून विलायतेस धाडतात! २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले.

पुतळ्याला डांबर फासणारे कोण, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. ते होते आपल्या चिंचवडचे चापेकर. दामोदर हरी चापेकर यांनी पुढे ते स्वतः सांगितले. राजसत्तेच्या निषेधासाठी केलेल्या कृत्याला काही दिवसांतच काळजे काढण्याची गोष्ट चिकटावी, हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. अफवेला असे कोणतेही निमित्त पुरते.

मात्र लोक अडाणी होते म्हणून घाबरले, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या कारकिर्दीत गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेत होते. स्वयंपाकघर, देवघर, जनानखाना, कशाचीच मर्यादा राहिली नव्हती. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे चिंचवडच्या वाचकाला सांगावयास नको. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाहे विणकरांनी एका आजारी मुलीला पथकाच्या स्वाधीन करण्यास नकार दिला, दंगा उसळला, गोळीबार झाला. ज्या सरकारचा हात असा घरात घुसतो, त्याच सरकारची सुई कोण विश्वासाने टोचून घेईल?

आणि ती सुई हाफकीन यांची होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही पुढे लोकांना देण्यात आली त्याहून मोठ्या मात्रेत आणि वैद्यकीय साक्षीदारांसमक्ष. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी आपखुशीने पुढे आले, त्यांना टोचण्यात आले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना रोग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले आणि दोघेही वाचले. हाफकीन यांनी या दोन्ही गटांची नोंद ठेविली होती. पुढे सर्वत्र हीच त्यांची पद्धत राहिली : टोचलेले किती, न टोचलेले किती, मेले किती.

तरी अफवा थांबल्या नाहीत. सुई हातभर लांब असते. टोचल्यावर माणूस तत्काळ मरतो, नाहीतर सहा महिन्यांनी. पुरुष नामर्द होतात, बायका वांझ होतात. पंजाबात तर अमुक साहेबाने टोचून घेतले आणि अर्ध्या तासात तो तडफडून मेला, असेही सांगत. आकड्यांचे कोष्टक या भीतीपर्यंत पोहोचत नाही. तेथे ओळखीचा माणूस लागतो.

तो माणूस मुंबईत मिळाला. खोजा इस्माइली जमातीचे इमाम सुलतान मुहंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, त्या वेळी अवघे १९ वर्षांचे होते. त्यांनी सर्वांच्या देखत टोचून घेतले आणि ही बातमी होईल तितक्या लवकर, होईल तितकी दूर पसरेल अशी व्यवस्था केली. अफवेच्या वेगाने खरी बातमी पळविण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. इमामसाहेब रोज हिंडताफिरताना दिसत होते, हेच उत्तर. एवढ्यावर न थांबता माझगावातील आपली प्रशस्त कोठी त्यांनी हाफकीन यांना प्रयोगशाळेसाठी दिली. हजारो खोजांनी टोचून घेतले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

येथवर बाजारातील आळ. दुसरा याहून जड होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मालकोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली होती, ते १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकीन यांच्यावर ठेविला. कार्बोलिकऐवजी उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली होती, ती हलगर्जी ठरविण्यात आली. संचालकपद गेले, मान गेला. सहा वर्षांपूर्वी आर्थर रोडवर जमाव जे बोलत होता, तेच आता सरकारी कागदावर आले : औषध देणाऱ्यानेच मारले.

या वेळी दंड पुढे करून भागणारे नव्हते. हाफकीन यांनी कागदाला कागदाने उत्तर दिले. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत दिवसचे दिवस वाढले असते तर ती आल्यावाचून राहती ना. रोगाची लक्षणेही लोकांना काही दिवसांनी दिसली, त्यावरून जंतू ऐनवेळी शिरले असे दिसते. आणि चौकशीतल्या साक्षींतच ही नोंद होती की, बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. कागद होते, पण वाचणारे नव्हते. १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रे लिहिली, तेव्हा सरकारला हलावे लागले. पाच वर्षांनी आळ दूर झाला. हाफकीन कलकत्त्यास परत आले, पण परळची खुर्ची त्यांना मिळाली नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्याविषयी. मूल होणार नाही ही सुईविषयीची जुनीच अफवा शंभर वर्षांनी पोलिओच्या थेंबांना चिकटली आणि ती आपल्याच मोहल्ल्यांतून फिरली. मालेगावात २०१० मध्येही पोलिओचे रुग्ण सापडले. बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, ही सूरह हुजुरातमधील आज्ञा आपण वाझमध्ये ऐकतो; दारात थेंब घेऊन आलेल्या बाईला परत पाठविताना ती कोणाला आठवली होती?

आणि २०२० मध्ये पारडे फिरले. तबलीगी जमातीच्या लोकांनी करोना मुद्दाम पसरविला, अशी आवई देशभर उठली आणि तिचा चटका निजामुद्दीनला कधी न गेलेल्या फळवाल्यालाही बसला. काही ठिकाणी आपले तरुण रागाने पेटले, ते स्वाभाविक होते. पण दिल्लीत बऱ्या झालेल्या जमातींनी इतर रोग्यांसाठी आपल्या रक्तातील प्लाझ्मा दिला, आणि अहमदनगर जिल्ह्यात खटले झालेल्या परदेशी जमाती न्यायालयात गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असे मत नोंदविले. वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून त्यांच्याविरुद्ध झालेल्या प्रचारावरही न्यायालयाने ताशेरे ओढले. त्या निकालपत्राची प्रत आपल्या प्रत्येक शाळेच्या वाचनालयात असावी, अशी माझी चालकांना विनंती आहे, आणि तिच्या शेजारीच भायखळ्याच्या तुरुंगातले ते आकडे लिहून लावावेत.