वाचकांच्या शंका आणि अश्लीलतेची कसोटी

महाराष्ट्रातील तरुणांचे लैंगिक शिक्षण शाळेच्या वर्गापेक्षा नियतकालिकांच्या पत्रव्यवहारातून अधिक घडले. आज आंतरजालावर ते ज्या रीतीने चालते, म्हणजे शंका खासगी असते पण जाणकाराचे उत्तर सर्वांना वाचता येते, त्या रीतीचा मराठीतील ठळक पूर्वज रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक होय. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले. हे कार्य सोडावे की नोकरी, असा पेच उभा राहताच 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जुलै 1927 मध्ये हे मासिक सुरू करून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ एकहाती चालवले.

ब्रह्मचर्याची महती ऐकत वाढलेल्या आणि वीर्यनाशाने शक्ती जाते या भयाने पछाडलेल्या वाचकाला हस्तमैथुनाविषयी वैद्याला किंवा वडीलधाऱ्यांना विचारणे अशक्य होते, पण पोस्टाने लिहिणे शक्य होते. अशा शंकांना कर्वे आडपडदा न ठेवता, शरीरशास्त्राच्या आधाराने उत्तर देत, आणि त्यांचा कोरडा, क्वचित तुसडा वाटणारा सूरच बहुधा वाचकाची लाज घालवण्यास उपयोगी पडला असावा.

हीच उत्तरे कायद्याला खुपली. 1931 मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना 100 रुपये दंड झाला होता. 1934 चा खटला मात्र वाचकांच्या हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून भरला गेला. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांच्या वतीने मांडली, तरीही खटला हरला आणि 200 रुपये दंड झाला.

त्या काळी भारतीय दंड संहितेत अश्लीलतेची व्याख्या नव्हती, म्हणून न्यायालये 1868 च्या एका इंग्रजी निकालातील ‘हिकलिन कसोटी’ वापरत. ज्यांचे मन वाईट प्रभावाला बळी पडू शकते अशांच्या हाती लेखन पडल्यास ते त्यांना बिघडवील काय, एवढेच ही कसोटी पाही, आणि असा दुबळ्या मनाचा वाचक म्हणजे प्रामुख्याने तरुण, हे त्यात गृहीत होते. कर्व्यांना पत्रे लिहिणारा वाचक शंका घेऊन येत होता. कायद्याने कल्पिलेल्या वाचकाला स्वतःचा प्रश्नच नव्हता. पुढे 1969 च्या दुरुस्तीने या कसोटीची भाषा थेट कलम 292 मध्ये आली, पण विज्ञान, साहित्य, कला अथवा विद्येच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला सूटही त्याच दुरुस्तीने दिली. कर्व्यांना ती हवी होती तेव्हा मिळाली नव्हती.

शाळेची वाट अवघडच राहिली. केंद्राने आखलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम, ज्यात शरीरातील बदल आणि एचआयव्हीपासून बचाव यांची माहिती होती, महाराष्ट्राने 2007 मध्ये नाकारला. शंका मात्र थांबल्या नाहीत. 2005 पासून डॉ. महिंदर वत्स ‘मुंबई मिरर’ या इंग्रजी दैनिकात मिश्कीलपणे त्यांना उत्तरे देत होते, आणि 2015 मध्ये चित्रपटकार पारोमिता व्होरा यांनी मुंबईतून सुरू केलेल्या ‘एजंट्स ऑफ इश्क’ने हा विषय चित्रफिती, गाणी आणि अनुभवकथनांच्या रूपाने आंतरजालावर नेला.

माध्यमाबरोबर कायद्याची शब्दावलीही पुढे सरकली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 67 मध्ये ‘बिघडवणारे व भ्रष्ट करणारे’ या अर्थाची जुनीच भाषा इलेक्ट्रॉनिक मजकुराला लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात हिकलिन कसोटी नाकारून समकालीन समाजाचे मापदंड प्रमाण मानले. तरीही 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये तेच शब्द कायम असून, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवलेला मजकूरही त्यात आता नावानिशी समाविष्ट आहे.