भिलाईचा धडा : परका कोण आणि मालक कोण?

‘परदेशी कामगार आणि कायदा’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पासपोर्ट, व्हिसा आणि विमानतळ येतो. या टिपणात आपण हाच विषय भिलाईच्या इतिहासातून समजून घेणार आहोत. प्रश्न एकच आहे : कामगाराला संरक्षण कशामुळे मिळतं? तो कुठला रहिवासी आहे यामुळे, की त्याचा मालक कोण हे कागदावर ठरलेलं असतं यामुळे?

१. करारावर आलेले परदेशी

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद हे पहिलं लक्ष्य होतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. या काळात सोव्हिएत तज्ज्ञ भिलाईत राहत होते आणि भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे जात होते. या तज्ज्ञांची भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण ते कोणाच्या वतीने आले आणि कशासाठी आले, याबद्दल कुणाला शंका नव्हती. दोन सरकारांचा करार त्यांच्या पाठीशी होता.

आज एखादा परदेशी अभियंता भारतात नोकरीसाठी आला तर त्याला रोजगार व्हिसा लागतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे देशात कुठेही राहण्याचं आणि कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य, फक्त नागरिकांसाठी आहे. मात्र कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २३ (वेठबिगारीला बंदी) प्रत्येक व्यक्तीला लागू होतात. परदेशी माणसाला इथे राहण्याचा हक्क नसेल, पण त्याला वेठीला धरण्याचा हक्कही कोणत्या मालकाला नाही.

२. देशातलेच ‘परदेसिया’

कारखान्यासाठी माणसं देशाच्या सगळ्या भागांतून आली. छत्तीसगडी बोलीत बाहेरून आलेल्या माणसाला ‘परदेसिया’ म्हणतात. आपल्या विदर्भात, महाराष्ट्रात उत्तरेतून येऊन स्थायिक झालेल्या घरांना ‘परदेशी’ हे आडनाव मिळालं, तसंच हे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे परदेसिये नागरिकच. कलम १६ नुसार सरकारी नोकरीत केवळ राहण्याच्या ठिकाणावरून नागरिकांत भेदभाव करता येत नाही. अपवाद करायचा असेल तर तो अधिकार फक्त संसदेला आहे.

दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्यात नोंदणी, विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता यांची तरतूद होती. छत्तीसगडमधून वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने हा कायदा महत्त्वाचा होता.

३. खरी रेघ कुठे होती?

भिलाईवर दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी इथल्या लोकांच्या बोलण्यातला एक भेद नेमका टिपला आहे : ‘नोकरी’ आणि ‘काम’. हा फरक मराठीतही आहे. ‘तो नोकरीला आहे’ आणि ‘तो कामावर जातो’ ही दोन वाक्यं दोन वेगळी आयुष्यं सांगतात. कायम कामगाराला पगार, क्वार्टर, दवाखाना आणि निवृत्तीचा पैसा. ठेकेदाराच्या मजुराला ज्या दिवशी काम त्या दिवशी मजुरी.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा इथल्या खाणींत ही रेघ सगळ्यात ठळक दिसली. १९७७ साली तिथल्या ठेका मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत स्वतःची संघटना उभी केली. काम न मिळालेल्या दिवसाचा भत्ता आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारण्यासाठी पैसे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २ आणि ३ जून १९७७ रोजी पोलीस गोळीबारात ११ जण मारले गेले.

१९९० नंतर आंदोलन भिलाईच्या खासगी कारखान्यांत पोहोचलं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवरहाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि १६ कामगार मृत्युमुखी पडले. हे सारे याच देशाचे नागरिक होते, बरेचसे आसपासच्या गावांतले. कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र परके.

४. कायद्याने काय दिलं?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तीन गोष्टी केल्या. २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर मुख्य मालकाने नोंदणी करायची आणि ठेकेदाराने परवाना घ्यायचा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची. बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

पण बंदी घातली की मजूर आपोआप कायम होतो का? ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ‘नाही’ असं उत्तर दिलं. ठेका हा नुसता देखावा आहे, खरा मालक दुसराच आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झालं तरच कामगार मुख्य मालकाचा ठरतो. म्हणजे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर, ज्याच्या हातात कागद सगळ्यात कमी असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९७० आणि १९७९ चे कायदे त्यांतल्या सुरक्षाविषयक संहितेत विलीन झाले. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं, ही जमेची बाजू. कंत्राटी कामगारांबाबतची मर्यादा मात्र २० वरून ५० वर गेली, त्यामुळे लहान ठेके या तरतुदींच्या बाहेर राहिले.

५. तुमच्यासाठी

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. पहिली नोकरी लागली की मुलं पॅकेजचा आकडा सांगतात. नेमणूकपत्रावर कोणाचं नाव आहे असं विचारलं की बरेच जण आधी कागद पुन्हा उघडून बघतात. तीन गोष्टी बघायच्या : पत्र कोणी दिलं, पगार आणि भविष्य निर्वाह निधी कोण भरतं, आणि रोजचं काम कोण सांगतं. तिन्ही उत्तरं एकच असतील तर ठीक. वेगवेगळी असतील तर प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवा. उद्या तुम्ही स्वतः साइटवर माणसं घ्याल तेव्हा हेच तीन प्रश्न तुमचे मजूर तुम्हाला विचारतील. उत्तर तयार ठेवा.

विचार करा :
१. परदेशी तज्ज्ञ आणि स्थानिक ठेका मजूर, यांपैकी कारखान्यात अधिक ‘परका’ कोण होता? कारणं द्या.
२. मालक कोण हे सिद्ध करण्याचा भार कोणावर असावा?