ललिता पंचमी आणि दुसरा राज्याभिषेक

मागच्या नवरात्रात कोपरखैरण्याला आमच्या सेक्टरमधल्या मंडपात एका तरुणाने मला विचारलं, ‘‘काका, दशमहाविद्या म्हणजे जादूटोणाच ना?’’ प्रश्न साहजिक होता. काली, छिन्नमस्ता, धूमावती, बगलामुखी ही नावं ऐकली की आपल्याला स्मशान आणि अंगारेधुपारेच आठवतात. पण त्या दहांपैकी एक आपल्या घरातलीच आहे.

ती षोडशी, म्हणजेच त्रिपुरसुंदरी ललिता. आश्विन शुद्ध पंचमीला अनेक मराठी घरांत उपांगललितेचं व्रत असतं. मूर्ती नसते. करंड्याचं झाकण हीच देवी, आणि तिला ४८ दूर्वा वाहायच्या.

याच तिथीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांचा दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला. गागाभट्टांनी केलेला ६ जूनचा वैदिक राज्याभिषेक सर्वांना ठाऊक आहे. पुढे १७ जूनला जिजाबाई गेल्या. पहिल्या विधीत उणिवा राहिल्या, असं निश्चलपुरी गोसावींचं म्हणणं होतं. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात ते आलं आहे. ग्रंथ निश्चलपुरींचीच बाजू मांडतो, तेव्हा तो जपूनच वाचायला हवा.

तरी त्या आक्षेपाचा गाभा मला मोलाचा वाटतो. मंत्र झाले, दानं झाली; पण या भूमीच्या, या गडाच्या रक्षक देवतांचा मान राहिला, असा तो आक्षेप. रायगडाची देवी शिरकाई. तिचं देऊळ गडावर आजही आहे. महाराजांनी हे म्हणणं झिडकारलं नाही आणि पहिला विधी मोडीतही काढला नाही. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासूनच मोजला गेला. काशीचे पंडित आणि गोसावी, दोघांनाही गडावर जागा मिळाली.

महाविद्यांच्या कथेत दक्षाच्या यज्ञाला जायला शिव नको म्हणतो, तेव्हा सती दहा रूपं घेऊन दाही दिशांनी त्याची वाट अडवते. तोंड कुठेही फिरवा, ती समोर आहेच. मला वाटतं, डावललेल्या देवतेचं असंच असतं.

आमच्या सेक्टरांच्या शेजारी आगरी-कोळ्यांचं मूळ गाव आहे. तिथल्या गावदेवीवरून मी वर्षानुवर्षं रिक्षाने गेलो, कधी उतरलो नाही. त्या पंचमीला मात्र त्या तरुणाला बरोबर घेऊन गेलो आणि नारळ ठेवून आलो. ज्यांच्या जमिनीवर आपण घर केलं, त्यांच्या देवीला तेवढा मान द्यायचा राहिला होता.