मुरगळलेला घोटा बरा झाला, पण पायातला जोर कुठे गेला?

गोंदिया : धान कापणी आटोपली की गावोगावी मंडईच्या दिवसांत कबड्डीचे सामने रंगतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तर पहाटेपासून रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. यांच्यातली नेहमीची तक्रार एकच, पाय मुरगळला. चार दिवस आंबेहळदीचा लेप, मग क्रेप बँडेज, सूज उतरली की पुन्हा मैदानात. महिना-दोन महिन्यांत तोच पाय पुन्हा दगा देतो. असे वारंवार होऊ लागले की डॉक्टर त्याला घोट्याची अस्थिरता म्हणतात.

पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जाते किंवा फाटते. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा. पण त्याचे काम तेवढेच नाही. पाऊल सरळ आहे की तिरपे, ही खबर मेंदूला पोचवणारी मज्जातंतूंची टोकेही त्यात असतात. अंधारात धुऱ्यावरून चालताना खाली न पाहता पाय सावरतो, त्यात या खबरीचा मोठा वाटा असतो. पट्टा फाटला की खबरही बिघडते. ब्रिटनमधील डॉ. मायकेल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ही गोष्ट मांडली आणि डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याचा व्यायाम सुचवला. पुढे स्नायू आणि मेंदूचा ताबाही यात तेवढाच महत्त्वाचा असल्याचे दिसून आले.

नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल आत वळू देत नाहीत. अस्थिर घोट्यात तेच उशिरा जागे होतात किंवा कमी पडतात. मग एका पायावर उभे राहिले की अंग डोलते आणि उडी मारून टेकल्यावर तोल जमायला वेळ लागतो. कबड्डीत चढाई करणारा गडी पकड चुकवून मध्यरेषेकडे वळतो, तेव्हा सगळे वजन एकाच घोट्यावर येते. तिथे डोलायला वेळ कुठला?

जोराचेही तसेच आहे. मोटार चांगली असली तरी व्होल्टेज कमी आले की विहिरीचे पाणी वर चढत नाही. मांडी धडधाकट दिसते, पण घोट्यावर भरवसा नसल्याने शरीर स्नायूंना पुरते काम करू देत नाही. पोटरीची रेट देण्याची ताकद घटते. कित्येकांच्या कमरेजवळचे, खुब्याचे स्नायूही कमजोर सापडतात.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. तिन्हींत जोर जमिनीतून घोट्यामार्गेच वर येतो. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या हाताने जात नाही, हे फेकणाऱ्याला ठाऊक असते.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे याचीही २०१८ च्या आशियाई स्पर्धेची संधी घोट्याच्या दुखापतीने हुकली होती. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ३५ वेळा अडथळा ओलांडावा लागतो. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

घरी तपासायचे तर भिंतीजवळ एका पायावर ३० सेकंद उभे राहा, आधी डोळे उघडे, मग मिटून. दोन्ही पायांचा फरक पाहा. दुसरी पद्धत टेपची. एका पायावर उभे राहून दुसरा पाय पुढे जमेल तितका लांबवायचा आणि अंतर मोजायचे. अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या दोन पायांत ४ सेंटिमीटर किंवा जास्त फरक होता त्यांना पायाच्या दुखापती अधिक झाल्या.

पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. ताज्या सुजेवर जोराने चोळणे, पाय ओढून "बसवणे" टाळावे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे.

सूज उतरल्यावर काम सुरू होते. एका पायावर उभे राहणे, जमल्यावर घडी केलेल्या चादरीवर, मग उभ्यानेच चेंडू झेलणे. टाचा उचलणे आधी दोन्ही पायांनी, नंतर एकाने. शेवटी लहान उड्या, पुढे आणि बाजूला. रोज दहा-पंधरा मिनिटे, निदान सहा आठवडे. दुखले तर एक पायरी मागे यायचे. सराव आणि सामन्यावेळी घोट्याचा पट्टा बांधल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, पण पट्टा बांधला म्हणून व्यायाम सोडू नये. दुखऱ्या पायाची लंगडी उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचली आणि वळताना भीती वाटेनाशी झाली, की मग पूर्ण वेगाने धावायला हरकत नाही.